एचआयव्हीबाधित गर्भवतीच्या घरच्यांना उपचारात सोबत कसे घ्यावे?

सांगली जिल्ह्याच्या पूर्व भागातील एका ग्रामीण रुग्णालयात नुकत्याच रुजू झालेल्या समुपदेशक ताईंनी हा प्रश्न विचारला आहे. त्यांच्याकडे येणारी एक पहिलटकरीण साडेपाच महिन्यांची गरोदर आहे. तिची एचआयव्ही चाचणी पॉझिटिव्ह आली असून औषधे सुरू झाली आहेत, मात्र घरात अजून कोणालाही हे माहीत नाही. नवरा गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी गाळण्याच्या, धंद्यानिमित्त दक्षिणेत असतो, प्रत्येक तपासणीला सासू सोबत येते आणि बाळंतपणाला ती सातारा जिल्ह्यात माहेरी जाणार आहे. प्रशिक्षणात 'कुटुंबाला सहभागी करून घ्या' असे शिकवले जाते आणि इकडे ती मुलगी 'घरी कळू देऊ नका' म्हणून हात जोडते. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी कशा सांभाळायच्या, असे ताईंचे विचारणे आहे.

मी याच जिल्ह्यात १९ वर्षे समुपदेशनाचे काम करते आहे आणि पहिली काही वर्षे मीही याच पेचात अडकले होते. त्यातून सुटका झाली ती एक फरक लक्षात आल्यावर. आजाराची बातमी वेगळी आणि उपचाराचे काम वेगळे. बातमी त्या बाईची आहे. ती कोणाला, कधी आणि किती सांगायची हे तीच ठरवील. काम मात्र घरातल्या चार जणांत वाटता येते आणि त्यातले बरेचसे काम बातमी न सांगताही वाटता येते. सहभाग म्हणजे सर्वांना बोलावून निदान ऐकवणे, असा अर्थ आपल्याकडे नकळत घेतला जातो. तो अर्थ घेतला की बाई घाबरते, केंद्रात येणे बंद करते आणि ज्या बाळासाठी हा सगळा खटाटोप, तेच हातचे जाते.

पूर्वी हा प्रश्न इतका अवघड नव्हता, कारण उपचारच फार तोकडे होते. सुरुवातीच्या वर्षांत कळा सुरू झाल्यावर आईला नेव्हिरॅपिन या एचआयव्हीवरच्या औषधाची एक गोळी आणि जन्मल्यावर बाळाला एक मात्रा, एवढ्यावर भागत असे. बाळंतपणाच्या गडबडीत एक गोळी कोणाच्या लक्षातही येत नसे. जानेवारी २०१४ पासून आपल्या देशात प्रत्येक बाधित गर्भवतीला तीन औषधांचे उपचार आयुष्यभरासाठी सुरू केले जाऊ लागले. बाळाच्या दृष्टीने हा फार मोठा बदल होता. काहीच उपचार न झाल्यास आईकडून बाळाला संसर्ग होण्याची शक्यता १५ ते ४५ टक्क्यांपर्यंत असते. वेळेवर सुरू केलेल्या आणि नियमित घेतलेल्या औषधांमुळे ती, स्तनपान चालू असतानाही, ५ टक्क्यांच्या खाली आणता येते आणि गर्भारपणाच्या सुरुवातीपासून विषाणूंचे प्रमाण दबलेले असेल तर त्याहूनही पुष्कळ खाली जाते. पण रोजची गोळी, बाळाचे सहा आठवड्यांचे औषध आणि दीड वर्षाच्या तपासण्या हे सगळे सासू, जाऊ आणि नणंद असलेल्या दोन खोल्यांच्या घरात एकटीने आणि गुपचूप पार पाडणे बहुतेक बायकांना शक्य होत नाही. म्हणून घर सोबत लागतेच.

आता सासूबाईंकडे वळू, कारण तुमच्यासमोर पहिल्यांदा त्याच बसलेल्या असतात. पुष्कळ समुपदेशक सासूला अडथळा समजतात आणि तिला बाहेरच्या बाकावर बसवतात. तपासणीच्या निकालाविषयी बोलताना बाई एकटीच असली पाहिजे, यात तडजोड नाही. पण त्यानंतर सासूला आत बोलावून तिच्याशी स्वतंत्रपणे आणि मानाने बोलावे. सून तपासणीला किती वेळा जाईल, एसटीचे भाडे कोण देईल, उपवास धरायचा की नाही, गोळ्या कुठल्या फडताळात राहतील, हे सगळे त्या बाईच्या हातात असते. सुनेच्या रक्तात कमतरता आहे, पोटातले बाळ नीट वाढावे म्हणून औषधे खंड न पडता गेली पाहिजेत आणि महिन्याची तारीख चुकता कामा नये, एवढे सांगायला निदान उघड करावे लागत नाही आणि यात खोटे काहीच नसते, कारण आपल्याकडच्या गर्भवतींमध्ये रक्ताची कमतरता सर्रास आढळते. तिच्या कागदावर तसे नसेल तर तसे सांगू नये. बाळाच्या वाढीचे कारण पुरते. आपण स्वतः खोटे बोलायचे नाही हा नियम मी पाळते. जे सांगायचे नाही ते न सांगणे वेगळे.

गोळ्यांच्या बाबतीत सासूची एक सवय नीट विचारून घ्या. गरोदर बाईला लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या असतातच, आणि घरात सगळ्या गोळ्या रात्री एकदम, पाण्याच्या एका पेल्याबरोबर देण्याची पद्धत असते. आजच्या उपचारातील डोल्युटेग्राविर हे औषध लोह आणि कॅल्शियमबरोबर उपाशीपोटी घेतले तर अंगात नीट शोषले जात नाही. म्हणून ते या गोळ्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यावे. एकत्रच घ्यायचे झाले तर भरल्या पोटी, जेवणासोबत घ्यावे. हे मी सासूला असे सांगते की, 'लोहाची गोळी दुपारच्या जेवणानंतर तुम्ही स्वतः द्या, रात्रीची तिची ती घेईल.' सासूकडे एक काम येते आणि रात्रीच्या गोळीवरची नजरही आपोआप सैल होते. एक मुलगी मला सांगत होती की गोळ्यांची बाटली हलली की खुळखुळते आणि जाऊ विचारते, म्हणून तिने बाटलीच्या तोंडाशी कापसाचा बोळा घालून ठेवला होता. अशा बारीकसारीक गोष्टी आपण विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही. 'गोळ्या घेतेस का?' या प्रश्नाला सगळ्याच 'हो' म्हणतात. 'बाटली कुठे ठेवतेस?' असे विचारले की खरे घर दिसू लागते.

नवऱ्याची गोष्ट अधिक नाजूक आहे. आपल्या व्यवस्थेत गर्भवतीची चाचणी हमखास होते आणि नवऱ्याची राहून जाते, त्यामुळे घरात पहिले निदान बाईचे होते आणि ज्याचे निदान पहिले त्याच्यावर पहिला दोष येतो. संसर्ग कोणाकडून कोणाला गेला हे चाचणीच्या तारखेवरून ठरत नाही, ही गोष्ट जोडप्यासमोर, शक्य झाल्यास चाचणीच्या आधीच, स्पष्ट शब्दांत सांगितली गेली पाहिजे. यावर सर्वात चांगला उपाय मला असा वाटतो की नोंदणीला आलेल्या प्रत्येक गर्भवतीच्या नवऱ्याला, निकाल काहीही असो, एचआयव्ही आणि सिफिलिसच्या तपासणीसाठी बोलवावे. सर्वांनाच बोलावणे गेले की कोणा एकीवर बोट ठेवले जात नाही. संमती नवऱ्याचीही घ्यावी लागते. ती गृहीत धरू नये.

ज्यांची पत्नी निगेटिव्ह आहे त्यांनाही हे बोलावणे जावे, याला वैद्यकीय कारण आहे. गरोदरपणात किंवा अंगावर पाजत असताना बाईला नव्याने संसर्ग झाला तर त्या पहिल्या आठवड्यांत तिच्या रक्तातील विषाणूंचे प्रमाण खूप वाढलेले असते आणि बाळाला असलेला धोकाही तसाच मोठा असतो. तिसऱ्या महिन्यातली निगेटिव्ह चाचणी अशा वेळी काहीच कामाची राहत नाही. नवरा बाधित आणि पत्नी निगेटिव्ह असेल तर त्याचे उपचार, निरोधचा वापर आणि तिची पुन्हा पुन्हा चाचणी यांत बाळाचे संरक्षण आहे.

आपल्या भागातला नवरा मात्र घरी सापडत नाही, ही खरी अडचण. खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ इथले गलाईवाले देशभर विखुरलेले असतात. साताऱ्याच्या पाटण आणि जावळी भागातले कितीतरी जण मुंबईत माथाडीचे काम करतात. महामार्गावरचे ट्रकचालक आठवड्याला एक रात्र घरी काढतात. अशा माणसाला 'पुढच्या मंगळवारी या' म्हणण्यात अर्थ नाही. मी दिनदर्शिकेवर गावाच्या यात्रेची तारीख लिहून ठेवते. माणूस बाकी कशाला येवो न येवो, दिवाळीला आणि यात्रेला येतोच. खरसुंडीच्या यात्रेला आलेला असाच एक तरुण पत्नीबरोबर केंद्रात आला. तिने त्याला स्वतःहून सांगायचे ठरवले होते आणि त्याआधी तीन वेळा माझ्यासमोर बसून ती वाक्ये म्हणून पाहिली होती. त्याची चाचणीही पॉझिटिव्ह आली. बराच वेळ तो काही बोलला नाही, दाराबाहेर काढलेल्या चपला नुसत्या पाहत राहिला. मग त्याने विचारले की बाळाला होणार का. मी त्याला खरे ते सांगितले की शक्यता फार कमी करता येते आणि त्यातला एक मोठा वाटा तिची गोळी न चुकण्याचा आहे. त्यानंतर तो कोइमतूरहून रोज रात्री नऊ वाजता तिला एक मिस्ड कॉल देत असे. दोन रिंगा झाल्या की दोघांनीही आपापली गोळी घ्यायची, असे त्यांचे ठरले होते. त्याची औषधे तिकडच्याच केंद्रात लावून दिली. नवऱ्याचा सहभाग म्हणतात तो हा.

सगळीकडे असे घडत नाही, हेही लिहिले पाहिजे. मारहाण होईल, माहेरी धाडतील, सोन्याचे दोन मणी काढून घेतील, ही भीती पुष्कळ जणींची असते आणि पुष्कळदा ती साधार असते. एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा २०१७ साली झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यात चाचणीसाठी माहितीपूर्ण संमती आणि निकालाची गोपनीयता बंधनकारक आहे. जोडीदाराला खराच धोका असेल आणि समुपदेशन करूनही बाधित व्यक्ती सांगायला तयार नसेल, तर ठरावीक अटी पाळून डॉक्टर किंवा समुपदेशक जोडीदाराला सांगू शकतात. परंतु तसे केल्याने, विशेषतः बाईला, हिंसा होण्याची किंवा घराबाहेर काढले जाण्याची वाजवी भीती असेल तर सांगू नये, असे त्याच कायद्यात आहे. राहत्या घरातून बाधित व्यक्तीला हुसकावता येणार नाही आणि घरातल्या सोयी वापरण्यापासून अडवता येणार नाही, हाही त्यातलाच हक्क आहे. हे कलम बाईला पाठ करायला लावण्यापेक्षा आपण तयार राहावे. सांगण्याआधी तिला तीन गोष्टी विचाराव्यात: तो दारू पिऊन मारतो का, सांगितल्यावर वाईट वळण लागले तर त्या रात्री कुठे जाशील, आणि कोणाला फोन करशील. या तिन्हींची उत्तरे नसतील तर त्या दिवशी सांगण्याची घाई करू नये. तोपर्यंत गोळी चालू ठेवणे हेच बाळासाठी सर्वात मोठे काम आहे.

आता माहेरचा मुद्दा. मला तो सर्वात महत्त्वाचा वाटतो आणि आपल्या प्रशिक्षणात त्याला सर्वात कमी वेळ मिळतो. मराठी पहिलटकरणीचे कुटुंब म्हणजे एक घर नव्हे, दोन घरे. सातव्या महिन्यात डोहाळजेवण होते आणि ती माहेरी जाते. बाळंतपण तिथे, पुढचे तीन-चार महिनेही बहुधा तिथेच. म्हणजे आपण ज्या सासूची सहा महिने मनधरणी केली ती नेमक्या धोक्याच्या काळात तिथे नसते. प्रसूती, बाळाचे पहिले औषध, पहिले दूध आणि बाळाची पहिली चाचणी हे सगळे माहेरी घडते आणि आपले कागद इकडे राहतात.

माझ्या स्वतःच्या हातून घडलेली एक चूक सांगते. एक मुलगी आमच्याकडे व्यवस्थित उपचार घेत होती. ती माहेरी जाणार हे मला माहीत होते, पण कोणत्या गावी आणि कोणत्या दवाखान्यात बाळंत होणार हे मी विचारले नव्हते. प्रसूती एका लहान खासगी दवाखान्यात झाली. तिने भीतीपोटी तिथे काही सांगितले नाही. तिच्या आईला काही ठाऊकच नव्हते. आम्हाला कळले तेव्हा बाळ नऊ दिवसांचे होते आणि औषधाचा एक थेंबही त्याच्या पोटात गेला नव्हता. तिच्या आधीच्या नियमित उपचारांमुळे पुढे ते बाळ निगेटिव्ह निघाले. पण ते दीड वर्ष तिने आणि मी कसे काढले ते आम्हालाच ठाऊक. बाळाचे औषध जन्मानंतर लगेच, शक्यतो पहिल्या काही तासांतच, सुरू व्हावे लागते.

तेव्हापासून सहावा महिना लागला की मी विचारते, 'माहेर कुठले, तिथून जवळ कोणते सरकारी रुग्णालय, तिथे कोणासोबत जाशील?' मग त्या भागातल्या एआरटी केंद्राशी, म्हणजे एचआयव्हीची औषधे देणाऱ्या सरकारी केंद्राशी, किंवा त्याला जोडलेल्या लिंक केंद्राशी बोलून तिची नोंद आणि औषधांचा पुरवठा आधीच लावून ठेवते. ३२ ते ३६ आठवड्यांच्या दरम्यान विषाणूंच्या प्रमाणाची चाचणी करावी लागते, कारण तिच्या निकालावर बाळाला एक औषध पुरेल की दोन लागतील आणि ती किती काळ द्यायची हे ठरते. डोहाळजेवण होऊन ती माहेरी जाते ते याच्या थोडेच आधी. त्यामुळे रक्त सासरी घ्यायचे की माहेरी, हे आधीच ठरले पाहिजे. नाहीतर दोन्ही केंद्रे एकमेकांवर भिस्त ठेवून बसतात. प्रसूती सिझेरियननेच व्हावी असे नाही. ते प्रसूतिशास्त्राच्या नेहमीच्या कारणांवरून डॉक्टर ठरवतील. एचआयव्ही आहे म्हणून कोणालाही बाळंतपण नाकारता येत नाही.

बऱ्याच मुली शेवटी एकाच माणसाला विश्वासात घेतात आणि ती त्यांची आई असते. मी त्याला प्रोत्साहन देते, कारण बाळंतिणीजवळ रात्रंदिवस तीच असते. एक आजी लिहिता-वाचता न येणारी होती. बाळाचे वजन अडीच किलोपेक्षा जास्त, म्हणून नेव्हिरॅपिनचे सिरप दिवसातून एकदा दीड मिलिलिटर द्यायचे होते. सिरिंजवरचे आकडे तिला कळेनात, तेव्हा सिस्टरांनी दीडच्या खुणेवर लाल नेलपेंटची बारीक रेघ ओढून दिली आणि तिच्याकडून पाणी भरून चार वेळा करून घेतले. पाचवीच्या पूजेच्या गर्दीत आणि बारशाच्या दिवशीही त्या आजीने मात्रा चुकवली नाही. तिला सगळे माहीत होते. लेकीला तिने एवढेच म्हटले होते, 'तुझं नशीब मी घेऊ शकत न्हाई, पण ह्या लेकराचं औषध माझ्याकडं दे.'

बाळाच्या पोटात पहिल्या सहा महिन्यांत काय जाते यावर घरातल्या म्हाताऱ्या बायकांचे राज्य असते, आणि हे राज्य आदराने समजून घेतल्याशिवाय आपला सल्ला दाराबाहेरच राहतो. औषधे चालू असलेल्या आईने पहिले सहा महिने फक्त अंगावरचे दूध द्यावे, हा आपला सल्ला. वरचे दूध, मध, साखरेचे पाणी, ग्राइप वॉटर आणि सहाणेवर उगाळलेली बाळगुटी यांमुळे बाळाच्या आतड्याच्या नाजूक आवरणाला त्रास होऊन विषाणू आत शिरायला वाट मिळते. शिवाय जुलाब आणि इतर संसर्ग येतात ते वेगळेच. पण गुटी ही आजीच्या मायेची खूण आहे. 'गुटी देऊ नका' असे नुसते म्हटले की ती मान डोलावते आणि आपली पाठ वळताच सहाण काढते. मी तिला विचारते की गुटीत काय काय उगाळता, किती वेढे देता, आणि तिला मनापासून सांगू देते. हळकुंड, वेखंड, मुरुडशेंग, सगळी नावे येतात. मग मी सांगते की या बाळाच्या आईच्या औषधांबरोबर सहा महिने पोटात दुसरे काही जाऊ द्यायचे नाही, असे डॉक्टरांनी लिहून दिले आहे; बाळाचा शेक, तेल, धुरी आणि आईचा आहार हे सगळे तुमच्याकडे. गुटीऐवजी तिच्या हाती दुसरे काहीतरी द्यावे लागते. बाळंतिणीचे दूध पुरत नाही अशी शंका घरात आली की वरच्या दुधाची वाटी पुढे येते. म्हणून आईला पोटभर जेवण आणि बाळाला वारंवार छातीशी लावणे, हे काम मी आवर्जून आजीलाच देते.

एखाद्या दिवशी कोणी मधाचे बोट चाटवलेच तर काय, हा प्रश्न हमखास येतो. घाबरून अंगावरचे दूध बंद करू नये. आई नियमित औषधे घेत असेल तर एखाद्या वेळच्या चुकीमुळे स्तनपान थांबवण्याचे कारण नाही. पुन्हा फक्त अंगावर पाजणे सुरू ठेवावे आणि आपल्याला कळवावे. अर्धवट माहितीमुळे दूध तोडलेली बाळे मी पाहिली आहेत. वरचे दूध स्वच्छतेने आणि पुरेसे देण्याची ऐपत नसलेल्या घरात अशा बाळांचे कुपोषणाने हाल होतात.

उष्टावणाचाही विचार आधी करून ठेवा. आपल्याकडे मुलाचे उष्टावण सम महिन्यात आणि मुलीचे विषम महिन्यात, म्हणजे पुष्कळदा पाचव्यातच, करतात. मुलगी असेल तर सातव्या महिन्यात करावे, असे मी आजीला बाळाच्या बारशाच्या आधीच सुचवते. विषम महिनाही राहतो आणि सहा महिनेही पूर्ण होतात. त्यानंतर वरचे अन्न सुरू करून बाळ निदान वर्षाचे होईपर्यंत स्तनपान चालू ठेवता येते.

बाळाची पहिली चाचणी सहा आठवड्यांनी होते. टाचेतून रक्ताचे थेंब घेऊन ते कागदावर वाळवून पाठवतात. इथे सव्वा महिन्याची प्रथा आपल्या उपयोगी पडते. बाळंतीण सव्वा महिना घराबाहेर पडत नाही आणि तो संपला की देवदर्शनासाठी तिला बाहेर काढतातच. दीड महिन्याची पेंटाव्हॅलंट लसही तेव्हाच असते. म्हणून मी तारीख सांगताना 'सहा आठवडे' म्हणत नाही, 'सव्वा महिना झाला की आठवड्याभरात लसीला आणा' असे म्हणते. घरात कोणाला आणखी काही समजावण्याची गरज पडत नाही, लस आणि चाचणी एकाच खेपेत होतात. त्याच वेळी कोट्रायमोक्साझोल हे संसर्ग टाळणारे औषध सुरू होते. पुढच्या तपासण्या सहाव्या आणि बाराव्या महिन्यात, आणि अंतिम निकाल अठराव्या महिन्यात. पहिला निकाल निगेटिव्ह आला की घरचे सैलावतात आणि बाराव्या महिन्याची फेरी हमखास बुडते. अंगावर पाजणे चालू आहे तोवर धोका पूर्ण संपलेला नसतो, हे आईला पहिल्या निकालाच्या दिवशीच, आनंदाच्या भरात का होईना, सांगून ठेवावे. औषधे मात्र तिची स्वतःचीही आहेत. दूध तोडले म्हणून ती थांबत नाहीत.

गावपातळीवर कोणाला काय कळते याची काळजी घ्या. आशाताई फार उपयोगी असतात, पण त्या त्याच गावच्या, अनेकदा त्याच भावकीतल्या असतात. बाईच्या परवानगीशिवाय त्यांनाही निदान सांगू नये. 'जोखमीची गर्भवती, तारखा चुकू नयेत' एवढे पुरते. फोन करण्याआधी तो फोन कोणाचा आहे आणि कोणत्या वेळी तो तिच्या हातात असतो हे विचारून ठेवा. केंद्राचे नाव न घेता काय बोलायचे तेही तिच्याशी ठरवा. मोठ्याने आलेल्या एका फोनवर संसार मोडू शकतो.

बाईला धीर हवा असतो तो बहुधा तिच्यासारख्याच दुसऱ्या बाईकडून. सांगलीत संग्राम संस्थेने १९९२ पासून बायकांनीच बायकांना समजावण्याची जी रीत रुजवली, तिचा माझ्यावरही खोल परिणाम आहे. अठरा महिन्यांचा निगेटिव्ह निकाल हाती घेतलेली आई, तिची तयारी असेल तर, नव्या गर्भवतीशी दहा मिनिटे बोलली की आमच्या चार भेटींचे काम होते. रात्री-अपरात्री शंका आली तर १०९७ हा एचआयव्ही मदतवाहिनीचा मोफत क्रमांक तिला नक्की द्यावा. तो दुसऱ्या नावाने साठवायला सांगावे.

ताई, तुमच्याकडच्या त्या मुलीला सहावा महिना लागलेलाच आहे. पुढच्या भेटीत तिला घरी सांगण्याचा आग्रह करू नका. माहेरचे गाव आणि तिथले रुग्णालय विचारून घ्या, गोळ्यांची बाटली कुठे ठेवते ते विचारा, सासूबाईंकडे लोहाच्या गोळीचे काम द्या. नवरा गावी कधी येतो ते तिच्याकडून काढून घ्या आणि तोवर ती वाक्ये तुमच्यासमोर म्हणून पाहायची तिची तयारी आहे का, ते पाहा. आईला सांगावे असे तिला वाटले तर आई डोहाळजेवणाला न्यायला येईल त्या दिवशी दोघींना केंद्रात बसायला एक खोली मोकळी ठेवा, आणि दार आतून लावता येते ना, तेही आधी पाहून ठेवा.